संगणक-पाठ : छायाचित्रांचे सॉफ्टवेअर बदलावे काय?



धार-देवासच्या मराठी घरांतील जुनी छायाचित्रे स्कॅन करून दुरुस्त करायची, तर नवे सॉफ्टवेअर घ्यावे की जुनेच चालवावे? आमच्या मते हे कामावरून ठरवावे.

६ × ८ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की ३६०० × ४८०० म्हणजे १,७२,८०,००० बिंदू होतात. रंगीत असल्यास प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे सुमारे ५० एमबी. येथे संगणक अडखळत असेल तर आधी रॅम वाढवावी. डाग काढणे, कडा कापणे, उजळ करणे ही कामे जुन्या सॉफ्टवेअरमध्येही होतात.

आता खर्च. अ‍ॅडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणीची पद्धत आणली. गिम्प मोफत आहे. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, ही मोठी सोय आहे. मात्र तिच्यात जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. म्हणून आधी एकाच संगणकावर करून पाहावे.

एक सावधगिरी. काही नवी सॉफ्टवेअरे अस्पष्ट चेहरा स्वतःच रचतात. फोटो सुरेख दिसेल, पण चेहरा पणजोबांचा राहणार नाही! मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये जपावा, काम प्रतीवरच करावे.

विश्वस्त मंडळास आमची विनंती : वर्गणीपेक्षा मूळ स्कॅन साठवायला दोन हार्ड डिस्क आधी घ्याव्यात.

स्वाध्याय : ४ × ६ इंचांच्या फोटोचे बिंदू काढा.