बोटुकली सोडताना: माशांची नजर आणि शेततळ्यातील शिकारी पक्षी

पावसाळ्यात शेततळी भरली की जुलै ते सप्टेंबर या काळात मत्स्यबोटुकली सोडली जाते. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाणकावळे, बगळे आणि खंड्या यांच्यामुळे मोठी घट होऊ शकते. बीज केंद्रातील राखणीच्या तळ्यात वाढलेल्या पिलांना शिकारी फारसा दिसलेला नसतो, हे त्यामागचे एक कारण आहे.

मासे धोका कसा ओळखतात

झपाट्याने जवळ येणारी, डोळ्यांसमोर मोठी होत जाणारी आकृती दिसताच मासे दचकून पळतात. ही प्रतिक्रिया जन्मजात असते. नेमका कोणता प्राणी घातक, हे मात्र बऱ्याच अंशी अनुभवातून कळते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस अशा कार्प माशांच्या त्वचेतील विशिष्ट पेशी जखम होताच फुटतात आणि त्यांतील द्रव्य पाण्यात मिसळते. त्याच्या वासाने बाकीचे मासे सावध होतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशांतील या द्रव्याविषयीचे निष्कर्ष मांडले. हा वास येत असतानाच शिकारी दिसला, तर पुढे त्याच्या नुसत्या दिसण्यानेही मासे पळ काढतात; मिनोसारख्या माशांत यासाठी एखादा अनुभवही पुरतो. अनुभवी सोबत्यांची धावपळ पाहूनही नवखे मासे शिकतात. उलट, एखादी हालचाल वारंवार दिसूनही इजा झाली नाही, तर भीती ओसरते.

काय करावे

- बोटुकली ८ ते १० सेंमी लांबीची निवडावी. लहान पिले अनेक शिकाऱ्यांच्या तोंडात मावतात आणि धोका ओळखण्याआधीच संपतात.
- बोटुकली आणलेली पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, तिच्यात थोडे थोडे तळ्याचे पाणी घेत बोटुकली सकाळी किंवा संध्याकाळी सोडावी. दमलेला मासा धोका दिसूनही पळू शकत नाही.
- पाण्याची पारदर्शकता ३० ते ४० सेंमी राखावी. गढूळ पाण्यात माशांना शिकारी उशिरा दिसतो. मातीचा लोंढा थेट तळ्यात येऊ देऊ नये.
- पाणी आत येते तिथे बारीक जाळी लावावी, म्हणजे मरळसारखे शिकारी मासे शिरत नाहीत.
- तळ्यावर पक्षीरोधक जाळी ताणून बांधावी. बुजगावणे व चमकत्या फिती यांना पक्षी सरावतात. त्यांची जागा दर काही दिवसांनी बदलावी.
- खाद्य ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी द्यावे. वाढ तपासण्यासाठी त्याच जागी जाळे ओढू नये; मासे तिथे यायला बिचकू लागतात. जाळे ओढल्यावर मासे कमी खात असतील, तर त्या दिवशी खाद्य घटवावे.

पक्ष्यांना मारू नये किंवा विष घालू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची हत्या हा गुन्हा आहे.