उताराला लागण्याआधी

डिसेंबरातली पहाट. कासारीच्या खोऱ्यातल्या आमच्या फडातून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर डांबरीला लागला, तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडलेला. कारखान्यावरचा नंबर चुकायला नको म्हणून तात्यांना न विचारताच मी खेप काढली होती. ओढ्याकडचा उतार आला आणि डिझेल वाचावं म्हणून गिअर न्यूट्रल केला. तेवढ्यात एक सायकलवाला आडवा आला. ब्रेकवर पाय दिला, तर ट्रॅक्टरचं तोंड गपकन उजवीकडे वळलं आणि मागच्या ट्रॉल्यांनी त्याला ढकलत नेलं. पहिली ट्रॉली कलंडली, रस्ताभर ऊस झाला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून सायकलवाला वाचला आणि मीही.

तात्या आले ते कलंडलेल्या ट्रॉलीकडे गेलेच नाहीत. वाकून त्यांनी ट्रॅक्टरची पेडलं बघितली. "पट्टी कुठं हाय रं?" एवढंच विचारलं.

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाला एकेक. शेतात जागच्या जागी वळताना एकाच चाकाचा ब्रेक लागतो, त्यासाठी दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी काढून ठेवतात. रस्त्यावर येताना ती परत अडकवायची असते. फडातल्या चिखलात वळताना काढलेली पट्टी त्या पहाटे तशीच राहिली होती. पाय पडला एकट्या उजव्या पेडलावर.

एरवी ओझ्याची चर्चा होते ती ओढण्याची. पन्नासएक एचपीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. त्याच्यामागे दोन ट्रॉल्यांत मिळून २० टनांच्या घरात ऊस असतो, शिवाय ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. पहिल्या गिअरला हा सगळा डोलारा हलतो आणि चालकाला वाटतं, गाडीला झेपतंय. थांबवताना हिशेब उलटा होतो. साध्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. म्हणजे आपल्या आठ-दहापट वजन ती दोन चाकं अडवायला बघतात. त्यात वेग १५ चा ३० झाला की भाराचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ३० च्या वेगात डोळ्यांनी अडथळा टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक तर त्यानंतर लागणार.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच बारीक गिअर टाकायचा. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. न्यूट्रल केलं किंवा क्लच दाबून ठेवला की इंजिनाचा आवर सुटतो, आणि भार पळायला लागल्यावर परत गिअर पडेलच असं नाही. घोटभर डिझेल वाचवायला आजही कितीतरी पोरं हेच करतात. ते बघून पोटात गोळा येतो.

भरतानाही हात आखडता घ्यावा. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन चाकी ट्रॉलीत माल आसाच्या मागे जास्त गेला, तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं, म्हणजे ब्रेक असलेली नेमकी तीच चाकं, हलकी होतात. माल फार पुढे आला तर चढाला पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. यात्रेतल्या खेळासारखे असे व्हिडिओ काढले जातात. उलटलेल्या ट्रॅक्टरखालून माणूस काढताना ज्यानं बघितलंय तो ते दुसऱ्यांदा बघत नाही. २०१९ पासून जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २ हजार, असा कायदा आहे. पण खेपेवर पैसे मिळतात तोवर चालकावर जास्त भरायचा दबाव राहणारच. तो मालकानं आणि मुकादमानंच कमी करायला हवा.

दांडीची पिन हा दोन मिनिटांचा विषय, पण तिथे तारेचा तुकडा गुंडाळून भागवलं जातं. खड्ड्यात आदळून पिन वर उसळली की मागची ट्रॉली मोकळी. पिनेला खालून खीळ हवी आणि दांडीबरोबर मजबूत साखळीही, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटून जाणार नाही.

रात्री मात्र धोका मागून येणाऱ्याला. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी दिवे झाकले जातात. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी असायला हवी. धुळीनं माखलेली पट्टी चमकत नाही, ती खेपेगणिक फडक्यानं पुसावी लागते. टायर फुटून ट्रॉली रस्त्यात उभी राहिलीच, तर चाकांना दगड लावायचे, मागे बऱ्याच अंतरावर कुणाला तरी बॅटरी घेऊन उभं करायचं, आणि निघताना ते दगड उचलून कडेला टाकायचे. आमच्या ओढ्यावर लावलेले दगड त्या दिवशी तात्यांनी एकेक करून स्वतः उचलले होते.