तुषार संच नीट चालत नाही? दोष असा शोधा

तुषार तोटी फिरेनाशी झाली की लगेच ती खोलू नका. संच चालू ठेवून शेतात एक फेरी मारा. सर्वच तोट्या मंद असतील तर दोष पंपाकडे आहे. एका जागेच्या पुढच्याच मंद असतील तर तिथला जोड गळतो किंवा पाइपात गाळ आहे. एखादीच अडली असेल तर दोष तिच्यातच.

डाळजसारख्या उजनी जलाशयाकाठच्या गावांत उन्हाळ्यात पहिला दोष संभवतो. पाणी मागे सरकते, पंपाची ओढ वाढते, पाइपलाइन लांबते आणि तोटीपाशी दाब उरत नाही. हा दाब साधारणपणे दर चौ. सें. मी. ला २.५ किलो असावा. कमी दाबात पाणी कड्यासारखे एकाच पट्ट्यात पडते आणि मधला भुईमूग सुकतो. अशा वेळी पंप पाण्याजवळ न्यावा, नाहीतर एका वेळी कमी तोट्या चालवाव्यात. मोटार बंद करून फूटव्हॉल्व्हच्या जाळीवरचे शेवाळही काढावे.

नोझलमधील खडा लाकडी काडीने काढावा, तारेने छिद्र मोठे होते. फिरत्या भागाला तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. त्याला वाळू चिकटते. त्याचे वंगण पाणीच.