अरोकोथ : सूर्यकुलाच्या सीमेवरील साक्षीदार

नेपच्यून ग्रहाच्याही पलीकडे, सूर्यापासून सुमारे ६६० कोटी किलोमीटर अंतरावर, अरोकोथ नावाचा एक हिममय खंड भ्रमण करीत आहे. त्याची लांबी अवघी ३६ किलोमीटर. एखाद्या तालुक्यात सामावेल एवढाच त्याचा पसारा. सूर्याभोवतीच्या एका प्रदक्षिणेस त्याला सुमारे २९८ वर्षे लागतात. एवढ्याशा वस्तूचे महत्त्व ते काय, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर तिच्या वयात आणि तिच्या जपणुकीत आहे.

जपून राहिलेला प्रारंभ

सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी धूळ, वायू व हिमकण एकत्र येऊन ग्रह घडले. पृथ्वीवर ऊन, पाऊस, ज्वालामुखी आणि भूकवचाच्या हालचाली यांनी त्या काळाच्या खुणा पुसून टाकल्या. कायपर पट्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरच्या प्रदेशात मात्र कडाक्याच्या थंडीत त्या जशाच्या तशा राहिल्या. अरोकोथ हा तेथीलच रहिवासी होय.

एका गावाचे साहाय्य

२६ जून २०१४ रोजी हबल अवकाश दुर्बिणीने त्याचा शोध लावला. २००६ साली निघालेले अमेरिकेचे ‘न्यू होरायझन्स’ यान २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेले. पुढे ते अरोकोथकडे वळविण्यात आले. परंतु त्याचा आकार व नेमका मार्ग ठाऊक नव्हता. अशा वेळी पिधानाचा उपाय योजतात. खंड एखाद्या ताऱ्याच्या आड आला की त्याची छाया पृथ्वीवरून सरकते व तारा निमिषमात्र दिसेनासा होतो. निरनिराळ्या ठिकाणांहून टिपलेल्या या वेळा जुळविल्या की खंडाचा आकार समजतो.

१७ जुलै २०१७ रोजी ही छाया अर्जेंटिनातील कोमोदोरो रिवादाविया या शहराच्या परिसरातून जाणार होती. शास्त्रज्ञांनी तेथे सुमारे दोन डझन दुर्बिणी मांडल्या. प्रकाशाचा अडथळा नको म्हणून रस्त्यांवरील दिवे मालवण्यात आले, राष्ट्रीय महामार्गावरील वाहतूक दोन तास थांबविण्यात आली आणि बोचरा वारा अडविण्यासाठी दुर्बिणींच्या बाजूला मालमोटारी उभ्या करण्यात आल्या. पाच ठिकाणी तारा लोपल्याची नोंद मिळाली. खंड दुहेरी असावा, ही अटकळ त्यावरूनच बांधली गेली.

सावकाश झालेली जोडणी

१ जानेवारी २०१९ रोजी यान सुमारे ३,५०० किलोमीटरवरून गेले. त्याचा संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सहा तास लागले. छायाचित्रांत परस्परांना चिकटलेले दोन तांबूस, चपटे गोळे दिसले. त्यांच्या सांध्यापाशी मोठ्या आघाताची खूण नाही. माणसाच्या चालीइतक्या संथ गतीने ते एकत्र आले असावेत, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. ग्रहांची पहिली बीजे प्रचंड धडकांतून नव्हे, तर हळुवार संचयातून तयार झाली, या मताला त्यामुळे बळकटी आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या खंडास अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पोव्हाटन भाषेतील ‘अरोकोथ’ हे नाव देण्यात आले. त्याचा अर्थ ‘आकाश’.

विज्ञानाची मोठी कार्ये केवळ प्रयोगशाळेत सिद्धीस जात नाहीत. दोन तास अंधारात राहण्यास एक शहर राजी झाले, म्हणून सूर्यकुलाच्या जन्माचा हा साक्षीदार जगाला अधिक नीट ओळखता आला.