टँकमधला बिनबोलावता पाहुणा : मँटिस श्रिंप ओळखणे, पकडणे आणि सांभाळणे



समजा, तुमच्या घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. रात्री सगळं शांत झाल्यावर टँकमधून 'टक्... टक्' असा आवाज येऊ लागला, तर काय कराल? बहुतेक जण आधी मोटर तपासतात, मग हीटर. दोन्ही ठीकठाक निघतात. चार दिवसांनी लक्षात येतं, की पाच गोगलगायींपैकी तीनच उरल्या आहेत आणि वाळूत शंखाचे तुकडे पडले आहेत. आता मात्र घरात खळबळ उडते. "काहीतरी शिरलंय! काढा आणि फेकून द्या!"

थांबा. फेकण्याआधी ते 'काहीतरी' कोण आहे, हे पाहू या. तो मँटिस श्रिंप असू शकतो. जगभरातल्या सागरी टँकवाल्यांना हा पाहुणा अधूनमधून भेटतो आणि बऱ्याचदा भीतीपोटी मारला जातो. खरं तर एक छोटा वेगळा टँक दिला, तर तो निवांत जगतो आणि मुलांना असं काही दाखवतो, जे पुस्तकात सापडणार नाही. म्हणून आजचा पाठ या पाहुण्यावर.

हा प्राणी कोण?

नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नव्हे. कोळंबी, खेकडे यांच्याप्रमाणे तो कवचधारी आहे, पण त्याचा गण वेगळा, स्टोमॅटोपोडा. या गणात चारशेहून जास्त जाती आहेत. प्रार्थना कीटक जसे पुढचे पाय दुमडून बसतो, तसे याचेही शिकारीचे पाय दुमडलेले असतात. मँटिस हे नाव त्यावरूनच पडलं.

शिकारीच्या पद्धतीवरून याचे ढोबळ दोन प्रकार करतात. पहिला ठोसेवाला. याच्या पायाचा भाग गदेसारखा जाड असतो आणि त्याने तो शंख, खेकड्याचं कवच फोडतो. दुसरा भालेवाला. याच्या पायाला काटे असतात आणि तो वाळूत किंवा चिखलात दबा धरून मासे, कोळंबी टिपतो. खडकातून टँकमध्ये येणारे बहुधा ठोसेवाले असतात.

आणि हा प्राणी परदेशातलाच आहे, असं समजू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात भालेवाल्या जाती भरपूर येतात. खाण्यासाठी फारशी मागणी नसल्याने त्या बऱ्याचदा मासळीच्या कुट्यात जातात. पुढच्या वेळी बंदरावर गेलात, तर बाजूला टाकलेल्या बारीक मासळीच्या ढिगात जरा निरखून पाहा.

तो टँकमध्ये येतो कसा?

सागरी टँकमध्ये 'लाइव्ह रॉक' ठेवतात. हा सच्छिद्र दगड समुद्रात राहिलेला असतो. त्यावर पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू वाढतात, आणि त्याच्या भोकांतून किडे, खेकडे, शंख असे अनेक प्रवासी फुकटात येतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला बंदी आहे. तिथे परवाना घेऊन समुद्रतळावर चुनखडीचे दगड ठेवतात आणि त्यांवर जीव वाढले की ते विकतात. या दगडांतून 'निओगोनोडॅक्टिलस' नावाचे बोटाएवढे ठोसेवाले घरोघरी पोहोचतात.

आपल्याकडे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यामुळे मालवणला सहलीला गेल्यावर 'टँकसाठी एखादा दगड' आणणं मुळीच चालणार नाही. तिथे तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. घरच्या टँकसाठी कृत्रिम दगड मिळतात. त्यावर जिवाणू वाढायला वेळ लागतो, पण समुद्राचं काही जात नाही.

आरोप ठेवण्याआधी पुरावा

टँकमधून टकटक आली म्हणजे मँटिस श्रिंपच, असं नाही. पिस्तूल कोळंबीसुद्धा असाच आवाज काढते आणि ती माशांना सहसा त्रास देत नाही. मग ओळखायचं कसं? मुलांना गुप्तहेर बनवा. वहीत पुढच्या गोष्टी नोंदवायला सांगा.

१. आवाज कोणत्या वेळी आणि कोणत्या दगडातून येतो?
२. फुटलेले शंख, खेकड्याचे पाय कुठे पडलेत? मँटिस श्रिंपच्या बिळाच्या तोंडाशी असा कचरा अनेकदा साठतो.
३. दगडात पेन्सिलीएवढं गोल भोक आहे का? रात्री ते खडे लावून बंद केलेलं दिसतं का?
४. टँकचे दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून पाहा. देठावर बसवलेले दोन डोळे, वेगवेगळ्या दिशांना फिरताना दिसले, तर पुरावा मिळाला! पिस्तूल कोळंबीला मात्र एक नांगी भलतीच मोठी असते.

चार-पाच रात्रींची नोंद झाली की मगच निष्कर्ष काढायचा. खेकड्याने मारलेल्या गोगलगायीचं खापर भलत्याच्या डोक्यावर फुटायला नको. मुलं शाळेत भांडून येतात, तेव्हाही आपण हेच विचारतो ना, "तू स्वतः पाहिलंस का?"

पकडायचं कसं?

पहिला आणि सोन्यासारखा नियम म्हणजे हात घालायचा नाही. परदेशात याला 'अंगठा फोडणारा' असंच टोपणनाव आहे. भालेवाल्याचे काटे तर हातमोज्यातूनही आत जाऊ शकतात. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी पाहायचं आणि लिहायचं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो ज्या दगडात राहतो, तो दगडच उचलणे. आधी एका स्वच्छ बादलीत टँकचंच पाणी घ्या. बादली साबण न लागलेली हवी. दगडाखाली मोठा प्लॅस्टिकचा डबा धरून, भोकापासून हात लांब ठेवून दगड उचला आणि लगेच बादलीत ठेवा. नवा टँक तयार असेल, तर प्राण्याला बाहेर काढायची गरजच नाही. दगडासकट त्याचं घर हलवा. आपल्यालाही सामान बांधण्यापेक्षा असं आख्खं घर हलवता आलं असतं, तर किती बरं झालं असतं!

दगड मोठा असेल, किंवा इतर दगडांना चिकटलेला असेल, तर बाटलीचा सापळा करा. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या आणि वरचा निमुळता भाग कापा. तो उलटा करून, म्हणजे तोंड आत येईल असा, बाटलीत बसवा आणि दोऱ्याने बांधा. पाणी खेळावं म्हणून बाटलीला बारीक भोकं पाडा. आत दोन खडे आणि कोळंबीचा तुकडा ठेवा. दिवे बंद करताना सापळा बिळाजवळ आडवा ठेवा आणि सकाळी न चुकता काढा, नाहीतर आमिष कुजून पाणी बिघडेल. पहिल्याच रात्री यश मिळेल असं नाही. हा प्राणी चतुर आहे, आठवडाही घेईल.

काही जण भोकात सोडा वॉटर मारतात, सुई खुपसतात किंवा दगड गोड्या पाण्यात बुडवतात. कृपया हे करू नका. गोड्या पाण्याने दगडावरचे इतर जीवही मरतात, आणि सुईने अर्धमेला केलेला प्राणी आत कुजला, तर सगळ्या टँकला त्रास होतो.

स्वतंत्र घर

तीन-चार सेंटिमीटरच्या पाहुण्याला वीस ते चाळीस लिटरचा टँक पुरतो. सोबत मासे, खेकडे, शंख ठेवायचे नाहीत. त्याच्या दृष्टीने ते शेजारी नसून जेवण आहे.

पाणी : निम्मं पाणी जुन्या टँकचं घ्या. बाकीचं सागरी मीठ विरघळवून तयार करा, स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ३० लिटरला किती? मुलांकडून गणित करून घ्या. (१,०५० ग्रॅम) पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते वापरा.

भर घालणे : टँकमधलं पाणी उडून गेलं, की मीठ मागेच राहतं आणि खारटपणा वाढतो. कोकणातल्या मिठागरात घडतं, तेच घरात छोट्या प्रमाणावर घडतं. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस. एप्रिल-मे महिन्यांत टँकवर छोटा पंखा लावा. वीज जात असेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा.

आसरा : त्याचा जुना दगड, थोडी वाळू, काही खडे आणि प्लॅस्टिकच्या नळाचा शरीरापेक्षा लांब तुकडा. बिळाशिवाय हा प्राणी घाबरलेला राहतो. दिवा मंद असावा.

खाणं : आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबीचा छोटा तुकडा लांब चिमट्याने द्यावा. अधूनमधून कवचासकट शंख किंवा छोटा खेकडा द्यावा. उरलेलं त्याच दिवशी काढावं.

तांबं वर्ज्य : माशांच्या काही औषधांत तांबं असतं. ते कवचधारी प्राण्यांना विषासारखं आहे. असं औषध पडलेल्या टँकमध्ये त्याला ठेवू नका.

कात टाकण्याचे दिवस

कधीतरी असं होईल, की पाहुणा बिळाचं तोंड बंद करून बसेल. खाणार नाही, दिसणार नाही. मुलं म्हणतील, "मेला वाटतं." त्याला उकरून काढायची घाई करू नका. तो कात टाकत असेल. कवच वाढत नाही, म्हणून वाढण्यासाठी जुनं कवच सोडावं लागतं. नवं कवच सुरुवातीला मऊ असतं, गदाही मऊ असते. अशा वेळी तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही, म्हणून दार लावून घेतो. काही दिवसांनी बाहेर पडलेली कात हुबेहूब मेलेल्या प्राण्यासारखी दिसते. ती वर्गात नेऊन भिंगाखाली दाखवा.

व्हिडिओतल्या दोन गोष्टी तपासून पाहू

"मँटिस श्रिंप बंदुकीच्या गोळीच्या वेगाने ठोसा मारतो," असं व्हिडिओत सांगतात. २००४ मध्ये शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी मोराच्या रंगाच्या मँटिस श्रिंपचा ठोसा वेगवान कॅमेऱ्याने मोजला. सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होता. २३ गुणिले ३.६ केलं, तर ताशी सुमारे ८३ किलोमीटर होतात. हा वेग हायवेवरच्या गाडीइतका आहे. बंदुकीची गोळी सेकंदाला शेकडो मीटर जाते. मग 'गोळी' कुठून आली? त्याचं त्वरण अफाट आहे, गुरुत्वत्वरणाच्या दहा हजार पटींहूनही जास्त. वेग आणि त्वरण यांतला फरक शिकवायला याहून छान उदाहरण शोधून सापडणार नाही.

एवढं बळ नुसत्या स्नायूंचं नसतं. गलोलीचं रबर आपण हळू ताणतो आणि झटकन सोडतो. तसंच त्याच्या पायातली स्प्रिंग स्नायू हळू दाबतात, खिट्टी तिला अडकवून ठेवते आणि खिट्टी सुटली की ठोसा बसतो. पाण्यात त्या वेगाने पोकळ बुडबुडे तयार होतात. ते फुटले, की भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो.

दुसरी गोष्ट, "याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंग दिसतात." आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, त्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे बारा ते सोळा प्रकार, हे खरं. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जवळजवळच्या रंगछटांतला फरक त्याला माणसाइतका ओळखता आला नाही. साधन जास्त म्हणजे कौशल्य जास्त, असं नसतं!

समुद्रात सोडायचं का?

"मग बिचाऱ्याला समुद्रात सोडू या," असं मुलं हमखास म्हणतात. भावना चांगली आहे, पण उत्तर नाही असंच आहे. तो कुठल्या समुद्रातला आहे, हे आपल्याला माहीत नसतं, आणि टँकमधले रोगजंतू त्याच्यासोबत जाऊ शकतात. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला. तो पाळणाऱ्यांनीच सोडला असावा, असं मानलं जातं. आज तो अटलांटिक आणि कॅरिबियनमधल्या प्रवाळ खडकांवर तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो. सांभाळणं जमत नसेल, तर अनुभवी टँकवाल्याला, दुकानदाराला किंवा प्राणिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाला विचारा.

वर्गात काय घेता येईल?

१. पुराव्याची वही : वर्गातल्या किंवा घरातल्या कोणत्याही कोड्यासाठी पाच दिवसांच्या नोंदी. निष्कर्ष शेवटच्या दिवशीच.
२. दोन वाट्यांत समान खारं पाणी. एक उन्हात, एक झाकून. तीन दिवसांनी दोन्हींची पातळी मोजा. खारटपणात काय फरक पडला असेल, ते मुलांनी सांगायचं.
३. चर्चा : 'उपद्रवी प्राणी' म्हणजे काय? शेतातला उंदीर, घरातली पाल, टँकमधला मँटिस श्रिंप. कुणासाठी उपद्रवी, आणि कुठे?

तिसरा उपक्रम आवर्जून घ्या. समुद्रात शंख फोडून खाणारा हा प्राणी कुणाचाही गुन्हेगार नाही. आपण त्याचा दगड उचलून आपल्या गोगलगायींशेजारी आणून ठेवला, म्हणून तो चोर ठरला. हे एखाद्या मुलाने स्वतःच्या तोंडून सांगितलं, तर समजा, पाठ पोहोचला.