बैठे काम आणि पाठ न सोडणारी कंबरदुखी

बँक, पतसंस्था, तहसील कचेरी, शाळेचे कार्यालय किंवा संगणकावर दाखले काढून देणारे सेवा केंद्र, यांपैकी कोठेही गेलात तरी एक दृश्य हमखास दिसते. खुर्चीवरचा माणूस उठताना कमरेला हात लावून उठतो. "आम्ही काही पोती उचलत नाही, मग आमचीच कंबर का दुखते?" असे ही मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले तर नोकरी सांभाळूनही हे दुखणे आटोक्यात ठेवता येते.

जुने दुखणे म्हणजे काय?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे दर तेरा माणसांत एकाला. तेव्हा आपण एकटेच दुर्दैवी आहोत असे कोणी मानू नये.

उसण भरली किंवा लचक आली तर ते दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. जे ओसरत नाही त्यात मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था सावधच राहते. एकदा चोरी झालेल्या घरातील कुत्रे पुढे पानाच्या सळसळीवरही भुंकू लागते, तसाच हा प्रकार. साधे वाकणे किंवा अर्धा तास बसणेही मेंदूला धोक्याचे वाटते आणि कळ येते. याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नव्हे. कळ खरीच असते, पण प्रत्येक कळ म्हणजे आत काही तरी मोडते आहे असे नसते. ही एक गोष्ट मनात ठसली की निम्मी भीती जाते.

"मणक्यात गॅप आहे"

एमआरआयचा अहवाल हाती आला की घरात सुतक पडल्यासारखे होते. कोणाच्या मणक्यात 'गॅप' असतो, कोणाची 'गादी सरकलेली' असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मुळीच कंबर न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. पन्नाशीतील सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या आणि सुमारे ६० टक्के लोकांच्या चकत्या थोड्या बाहेर आलेल्या दिसल्या. केस पिकावेत तसे हे बदल वयाबरोबर होतात. म्हणून अहवालातील शब्द वाचून घाबरू नये. अहवाल आणि आपली लक्षणे जुळतात का, हे डॉक्टरांना विचारावे.

अंथरुणाला खिळू नका

पूर्वी कंबर दुखली की फळीवर झोपून राहायला सांगत. अमेरिकेत १९८६ साली नव्या कंबरदुखीच्या रुग्णांवर तुलना झाली. सात दिवसांऐवजी दोनच दिवस विश्रांती सांगितलेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये असे दिसले की झेपेल तशी रोजची कामे चालू ठेवणारे अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या कामानेही कंबर भरून येते. जुनाट कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा वापरणे आणि वजन लावणे (ट्रॅक्शन) हे सरसकट करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

खुर्ची-टेबलाची मांडणी

यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. पुढील गोष्टी कोणत्याही कचेरीत जमतात.

१) पाठ खुर्चीला पूर्ण टेकवून बसावे. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवावी.

२) पावले जमिनीवर सपाट टेकावीत. टेकत नसतील तर पायाखाली फळी किंवा दोन विटा ठेवाव्यात.

३) संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. पडदा खाली असेल तर त्याखाली जुनी रजिस्टरे ठेवावीत. कळफलक कोपराच्या उंचीवर असावा.

४) मागच्या खिशात पाकीट ठेवून बसू नये. फोन मान आणि खांद्यात दाबून बोलू नये.

५) खालच्या कप्प्यातील फाईल काढताना बसल्या जागी वळून वाकू नये. उठून, समोर जाऊन काढावी.

मात्र कितीही आदर्श बैठक असली तरी तीच तासन्‌तास धरून ठेवली तर शरीराला ती नकोशीच होते. बसण्याच्या पद्धतीइतकीच बसण्यातील खंडाला किंमत आहे.

दुखण्याच्या आधी उठा

बहुतेक जण येथेच चुकतात. समजा, पतसंस्थेतील एखाद्या रोखपालाची कंबर चाळीस मिनिटांनी ठणकू लागते. बरे वाटते त्या दिवशी तो एका बैठकीत चार तासांचे काम उरकतो. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, तिसऱ्या दिवशी रजा. मार्चअखेरीस तर हे चक्र जोरात फिरते. अशाने दुखणेही वाढते आणि आत्मविश्वासही जातो.

यावर उपाय असा की चाळीस मिनिटांची मर्यादा असेल तर तिसाव्या मिनिटालाच उठावे. दुखत असो वा नसो, घड्याळ पाहून उठावे. पाणी पिऊन यावे, फोन उभ्याने घ्यावा, शिक्का मारायचे काम उभे राहून करावे. दोन मिनिटे पुरतात. आठवडाभर हे जमले की बैठक पाच मिनिटांनी वाढवावी. चांगल्या दिवशी जास्त नाही आणि वाईट दिवशी शून्य नाही, हा नियम पाळावा.

रोजचा व्यायाम

जागेवर: उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे वाकणे, हनुवटी आत ओढणे, खांदे मागे नेऊन पाठीची पाती जवळ आणणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे. प्रत्येकी पाच ते दहा वेळा.

घरी: उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, एकेक गुडघा छातीशी घेणे. शिवाय रोज चालणे. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी आणि हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. थोडे अवघडणे चालेल, पण कळ पायात उतरत असेल तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

गोळ्यांविषयी सावधान

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे फार महागात पडते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. कंबर सुटली पण मूत्रपिंड गेले, असा सौदा कोणी करू नये. डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर तेवढेच दिवस घ्याव्यात. नाव नसलेल्या 'हमखास' पुड्यांपासून तर लांबच राहावे. त्यांत स्टेरॉईड मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत.

ही लक्षणे अंगावर काढू नका

लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा लघवी अडकणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारे दुखणे यांमागे मणक्याचा क्षय असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी आणि पडल्यानंतर कंबर दुखू लागलेल्या वृद्धांनीही लगेच तपासून घ्यावे. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक कंबर आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्याचा सांधेवात असू शकतो. त्यावर वेगळे औषध असते.

झोप, मन आणि घर

झोप अपुरी झाली आणि काळजी वाढली की तीच कळ दुप्पट जाणवते. म्हणून झोपेची वेळ ठरलेली असावी. सतत उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. घरच्यांनी "हा तर नाटक करतो" असे म्हणू नये, तसेच हातातले प्रत्येक काम काढूनही घेऊ नये. नोकरी करून घरी आल्यावर स्वयंपाक, धुणे करणाऱ्या भगिनींच्या कमरेला तर दोन पाळ्या असतात. तो भार घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावा.

कार्यालयप्रमुखांनाही एक विनंती. कर्मचारी अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठला तर तो कामचुकार ठरत नाही. आठवड्याच्या रजेपेक्षा ती दोन मिनिटे स्वस्त आहेत.

जुनी कंबरदुखी एका दिवसात जात नाही. पण "दुखणे थांबले की मग हालचाल करू" असे न म्हणता हालचाल करीत राहिले, तर दुखणे मागे पडते आणि माणूस पुढे जातो. उद्या कार्यालयात गेल्यावर घड्याळ समोर ठेवा आणि तिसाव्या मिनिटाला उठा. सुरुवातीला एवढे पुरे.