आडसालीच्या लावणीपूर्वी

बेलापूर, ज्येष्ठ वद्य ५

चिरंजीव बाळ यास,

हरेगावच्या मळ्यावर तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आनंद झाला. १९६३ साली शेती महामंडळ स्थापन होऊन साखर कंपनीचे मळे सरकारजमा झाले, तेव्हा साहेब बदलले, दप्तर बदलले; जमिनीचा स्वभाव मात्र तोच राहिला, आणि लावणीचा तक्ता हाती घेण्यापूर्वी तो तू ओळखावास, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आषाढात लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी आणि सुरू बारा महिन्यांनी तोडीस येतो. गाळपाच्या दिवसांवरून मागे मोजत लावणीच्या तारखा ठरविणे कचेरीतल्या कारकुनासही साधते. कोणत्या प्लॉटात कोणती लावण, हे मात्र बांधावर उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

एका वर्षी तक्त्यात आडसालीचे वीस एकर कमी भरत होते, म्हणून कालव्याखालच्या सखल प्लॉटात मी लावण उरकून घेतली. मुकादम नको म्हणत होता. मी त्याचे ऐकले नाही. श्रावणात सरीतले पाणी ओसरेना; बेट उपटून पाहिले तर मुळ्या काळ्या पडून नासलेल्या. फाल्गुनात वरंब्यांवर मिठासारखा पांढरा थर आला, आणि ती जमीन पुढे कित्येक वर्षे चोपण राहिली. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने प्रवराकाठ हिरवा केला खरा, परंतु त्याच पाण्याने निचऱ्यावाचूनच्या काळ्या जमिनी बिघडविल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून मुकादम व पाटकरी यांना बरोबर घेऊन प्रत्येक प्लॉटात कंबरभर खड्डा घे. मुरूम किती खोल लागतो आणि तळाशी ओल किती आहे, ते पाहा. निचऱ्याच्या भारी जमिनीलाच आडसाली दे. सखल भागात आधी चर खोदून घे, ताग गाडून घे, आणि तोवर ऊस नको. मुरमाड माळावर बाजरी किंवा भुईमूग घे. उसाचे एकंदर क्षेत्र पावसाळ्यातल्या भरल्या पाटावरून न ठरविता वैशाखातल्या पाण्याच्या पाळ्यांवरून ठरीव; कारण तीनही लावणींना उन्हाळा ओलांडावाच लागतो. वरून आकडा वाढविण्याचा हुकूम आला, तर खड्ड्यांच्या नोंदी जोडून लेखी उत्तर धाड.

येत्या रविवारी इकडे ये, आणि खालच्या चारीलगतच्या प्लॉटातली तळची माती फडक्यात बांधून आण.

तुझा,
मामा